मदत मागायला जीभ रेटत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात दीर्घ आजारपण असलेल्या कुटुंबांना साथ देणं हे माझं नाशिकमधलं काम. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, कधी दिंडोरी-निफाडकडची गावं. या घरांत पैशाची ओढाताण असते, झोप अपुरी असते, रजा संपलेल्या असतात. तरी सगळ्यात जास्त माणसं अडतात ती एका वाक्यापाशी: "जरा मदत कराल का?" समोरचा नाही म्हणेल या धास्तीने ते वाक्य ओठांवर येऊन परत जातं. मग सगळं एकटीने किंवा एकट्याने रेटत राहायचं, अंगावर काढायचं, आणि शेवटी स्वतःच आजारी पडायचं. हे मी फार जवळून बघते, म्हणून पुन्हापुन्हा कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही शेतकऱ्यांचे, काही नवा धंदा सुरू करणाऱ्यांचे. भीती सगळ्यांची सारखीच आहे.

मदत मागायची म्हटलं की पोटात गोळा येतो. माझ्यातच काही कमी आहे का?

अजिबात नाही. माणूस कळपात जगलेला प्राणी आहे. आपल्या माणसांनी दूर लोटणं हे हजारो वर्षं जिवावरचं संकट होतं, आणि शरीर अजून ते विसरलेलं नाही. २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावर चेंडू फेकाफेकीचा साधा खेळ खेळायला दिला. थोड्या वेळाने बाकीच्या दोन खेळाडूंनी त्यांच्याकडे चेंडू टाकायचंच बंद केलं. एवढ्याशा डावलण्यानेही मेंदूतला असा भाग सक्रिय झाला, जो शारीरिक वेदनेच्या वेळीही सक्रिय होतो.

तेव्हा पोटात गोळा येणं स्वाभाविक आहे. तो आला म्हणून थांबायलाच हवं असं मात्र नाही. भीती पूर्ण जाईल, मग मी विचारीन, अशी वाट पाहणारी माणसं वाटच पाहत राहतात. आवाज थोडा कापत असताना विचारलं तरी चालतं, आणि समोरच्याला तो कापरेपणा आपल्याला वाटतो तितका जाणवतही नाही.

लोक नाहीच म्हणणार, हे मला आधीच ठाऊक असतं. मग विचारायचं कशाला?

ठाऊक नसतं, वाटत असतं. आणि हा अंदाज बहुतेकांचा चुकतो, तोही एकाच दिशेने.

फ्रँक फ्लिन आणि व्हनेसा बोन्स या संशोधकांनी २००८ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सहभागी लोकांना अनोळखी माणसांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या. पाच जण तयार व्हायला किती जणांना विचारावं लागेल, असं त्यांना आधी विचारलं. सरासरी उत्तर आलं, साधारण २०. प्रत्यक्षात सुमारे १० जणांना विचारल्यावरच काम झालं. फोन वापरायला मागणं, रस्ता दाखवायला सोबत चला म्हणणं, अशा मागण्यांतही तेच दिसलं. काही जणांनी तर काय मागायचं आहे हे कळल्यावर प्रयोगातूनच अंग काढून घेतलं, इतकं ते जड जातं.

असं का होतं, याचं त्यांनी दिलेलं कारण मला फार पटतं. मागणारा स्वतःच्या अडचणीत बुडालेला असतो. समोरच्याला किती त्रास होईल याचाच तो हिशेब करतो. पण तोंडावर नाही म्हणणं समोरच्यालाही किती अवघड जातं, ही बाजू त्याला दिसत नाही.

या प्रयोगांतल्या मागण्या लहान होत्या, हे खरं. दोन लाख रुपये उसने मागणं आणि प्रश्नावली भरून घेणं यांची तुलना होत नाही. पण आजारपणाच्या घरात नव्वद टक्के गरज लहानच असते असं मी माझ्या अनुभवावरून म्हणेन. कुणीतरी दोन तास बसावं, कुणीतरी औषधं आणून द्यावीत, मुलाला शाळेतून घ्यावं. या गोष्टींसाठी आपण समोरच्याच्या वतीने परस्पर नकार देऊन टाकतो. त्या माणसाला विचारलेलंच नसतं, आणि आपण मात्र "कुणी कुणाचं नसतं" या निष्कर्षाला येऊन बसलेलो असतो. माझं सगळं म्हणणं इथेच आहे: समोरच्याचं उत्तर समोरच्यालाच देऊ द्या.

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं. नुसते हात जोडलेले आले, माणूस एकही आला नाही. हा नकारच नाही का?

नाही, आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की जरा सविस्तर लिहिते.

सिडकोतल्या एका घराचं उदाहरण घ्या. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी साधारण चार तास. बायको एका खासगी ठिकाणी नोकरीला. तिने इमारतीच्या ग्रुपवर संदेश टाकला: "नमस्कार, घरी थोडी अडचण आहे. कुणाला शक्य असल्यास मदत करावी ही विनंती." उत्तरं काय आली असतील ते तुम्ही ओळखलं असेल. "काळजी घ्या", "लवकर बरे व्हा", "काही लागलं तर सांगा". लागलेलंच तर सांगितलं होतं! ती फार दुखावली. ग्रुप सोडायलाच निघाली होती.

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या विद्यार्थ्यांना इंटरकॉमवरून कुणालातरी झटका आल्याचं ऐकू येत होतं. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के जण झटका संपायच्या आत मदतीला धावले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. माणसं दगड नव्हती. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी गेलं असेल.

साठ घरांच्या ग्रुपवर तेच होतं. शिवाय "थोडी अडचण" म्हणजे काय, पैसे हवेत, गाडी हवी की रक्त हवं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. न कळलेल्या गोष्टीला माणूस हो म्हणत नाही.

त्याच बाईंनी पुढच्या आठवड्यात समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. बोलणं साधारण असं झालं:

"वहिनी, भाऊंची या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे ना? यांना गुरुवारी सकाळी साडेसहाला डायलिसिसला न्यायचंय, मुंबई नाक्यापर्यंत. फक्त सोडायचं, परत आणायचं मी बघते. त्यांना जमणार नसेल तर अगदी मोकळेपणाने सांगा, मी रिक्षा सांगून ठेवीन."

या चार वाक्यांत किती गोष्टी आहेत बघा. माणूस ठरलेला आहे. दिवस, वेळ, ठिकाण ठरलेलं आहे. काम कुठे संपतं ते सांगितलंय, म्हणजे सकाळ जाईल की दिवस जाईल ही शंका उरत नाही. समोरच्याच्या शिफ्टचा विचार केलेला आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला असलेल्या माणसाला हे फार लागतं, कारण फर्स्ट शिफ्टवाला सकाळी साडेसहाला इच्छा असूनही येऊ शकत नाही, आणि नाइट करून आलेल्या माणसाची झोप मोडणं बरं नाही. आणि शेवटी, नाही म्हणायला दार उघडं ठेवलेलं आहे. ते दार खरं असायला हवं. रिक्षाची सोय मनात तयार असेल तरच ते वाक्य बोला.

भाऊ त्यांना सोडायला गेले. पुढच्या गुरुवारी जमलं नाही तेव्हा त्यांनीच दुसऱ्या मजल्यावरच्या एकाचं नाव सुचवलं.

फोन, मेसेज की प्रत्यक्ष भेट?

शक्य असेल तर भेट. २०१७ मधल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष केलेली विनंती ईमेलवरच्या विनंतीपेक्षा ३४ पट परिणामकारक ठरली होती, आणि विचारणाऱ्यांना आधी या फरकाची कल्पनाच नव्हती. मेसेज पाठवणं आपल्याला सोपं वाटतं, कारण नकार वाचावा लागतो, पाहावा लागत नाही. पण दुसऱ्यालाही तो तितकाच सहज देता येतो, किंवा दोन निळ्या टिकांवर सोडून देता येतो. भेट शक्य नसेल तर फोन करा. मेसेज हा ठरलेल्या गोष्टीचा तपशील पाठवायला चांगला.

कुणाला कधी विचारावं याचं काही तारतम्य?

आहे, आणि ते इथल्या माणसांना वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाची खुडी चालू असताना पिंपळगावच्या बागायतदाराला, किंवा ऑक्टोबर छाटणीनंतर ढग भरून आलेले असताना दिंडोरीच्या मामांना "दोन दिवस येऊन राहाल का" विचारलं तर नकार येणारच. तो तुम्हाला दिलेला नकार नसतो, हवामानाला दिलेला असतो. तसंच दहावी-बारावीची परीक्षा असलेलं घर, लग्नघर, महिनाअखेर असलेला नोकरदार. वेळ चुकली म्हणून माणूस वाईट ठरवू नका. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा.

मदत घेतली की आयुष्यभर मिंधेपणा येतो. त्यापेक्षा न मागितलेलं बरं नाही का?

ही भीती मला नकाराच्या भीतीपेक्षाही खोल वाटते. कित्येकांना खरं तर "नाही"ची धास्ती नसते, "हो"ची असते. हो म्हटलं तर परत कसं फेडायचं?

आपल्याच जिल्ह्यात यावर जुनं उत्तर आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भातपट्ट्यात पावसाळ्यात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी सावड चालते. आज चार घरं मिळून माझ्या खाचरात, परवा तुझ्या खाचरात. मजुरी कुणी देत नाही. ज्याचं शेत लहान त्याचं काम अर्ध्या दिवसात उरकतं, ज्याचं मोठं त्याला दोन दिवस लागतात, आणि तरी त्यावरून कुणी ताठ किंवा कुणी खाली मान घालून चालत नाही. आपलीही पाळी येणार हे सगळ्यांना माहीत असतं. शहरात आलो, फ्लॅटमध्ये राहायला लागलो, आणि ही देवाणघेवाण पैशाने सुटते असं वाटायला लागलं. पैशाने रिक्षा मिळते. रात्री दोनला धीर द्यायला माणूस मिळत नाही.

फेड त्याच नाण्यात आणि लगेच करायची नसते. डायलिसिसच्या त्या घरातल्या बाई समोरच्या मुलीचं गणित घेतात, कारण त्यांना ते येतं. ठरवून नाही, आपोआप सुरू झालं.

दुसरी गोष्ट. मदत करणाऱ्याला काय वाटतं याचाही आपण चुकीचा अंदाज करतो. २०२२ मध्ये झुआन झाओ आणि निकोलस एप्ली यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका वनस्पती उद्यानात लोकांना अनोळखी पाहुण्यांकडे "आमचा फोटो काढून द्याल का" असं विचारायला लावलं. विचारणाऱ्यांना वाटलं, समोरच्याला कटकट होईल. फोटो काढून देणाऱ्यांना प्रत्यक्षात त्यापेक्षा बराच जास्त आनंद झाला होता. तुम्ही स्वतः कुणाच्या उपयोगी पडलात तो दिवस आठवा. त्या माणसाला तुम्ही मिंधा समजलात का? बहुधा तुम्हाला बरंच वाटलं असेल. मग तो बरं वाटण्याचा वाटा दुसऱ्याला मिळू द्यायला काय हरकत आहे?

काही माणसं मात्र उपकार बोलून दाखवतात. चारचौघांत "आम्ही नसतो तर" सुरू करतात. अशांना विचारू नका. यात भित्रेपणा नाही.

सासरी-माहेरी कुठेही विचारलं तरी चर्चा होते. "हिला घर सांभाळता येत नाही" म्हणतात.

म्हणतात, हे मी नाकारत नाही. आजाऱ्याची सेवा म्हणजे घरातल्या बाईचं काम, हे इतकं गृहीत धरलेलं आहे की तिने मदत मागितली की कसूर केल्यासारखं बघितलं जातं. सासूबाईंना अर्धांगवायू झालेल्या सुना मला भेटतात. त्यांच्या कमरेचं दुखणं वर्षभराचं असतं आणि घरातल्या कुणालाच ते माहीत नसतं.

मदतीचा विषय "मला झेपत नाही" असा मांडला की चर्चा तुमच्यावर येते. "आईंना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, डॉक्टरांनी सांगितलंय. रात्रीचं मी करते. दुपारी बारा ते चार कोण करणार?" असा मांडला की चर्चा कामावर येते. हे बोलायला घरातली सगळी असतील अशी वेळ निवडा, नणंदेला फोनवर घ्या, आणि एका कागदावर चोवीस तासांचं काम लिहून तो समोर ठेवा. मी अनेक घरांत हा कागद लिहायला बसते. लिहून होईपर्यंत दीर किंवा नवरा गप्प झालेला असतो, आणि मग बहुतेक वेळा कुणीतरी एक रकाना स्वतःच्या नावावर घेतो. सगळे घेत नाहीत. एकाने घेतला तरी चार तास झोप मिळते.

पैसे मागायचे असतील तर?

इथे भीती रास्त आहे, कारण पैशाने नाती बिघडतात. म्हणून नीट मागा. नेमकी रक्कम सांगा, कशासाठी ते सांगा, परत कधी आणि कशी देणार ते सांगा. "जमेल तेवढे द्या" म्हटलं की समोरचा गोंधळतो. मोठी रक्कम एकाकडे मागण्यापेक्षा थोडी थोडी चौघांकडे मागणं दोन्ही बाजूंना हलकं जातं. हातउसने असले तरी बँकेतून किंवा यूपीआयने घ्या, म्हणजे नोंद राहते, आणि एका ओळीचं का होईना लिहून द्या. ठरलेल्या तारखेला जमणार नसेल तर त्या तारखेच्या आधी स्वतः फोन करा. नातं बहुधा पैसे अडकल्याने तुटत नाही, फोन न उचलल्याने तुटतं.

दवाखान्यात बिलात सवलत मागायची लाज वाटते. आपण काही भिकारी नाही.

म्हणूनच मागायची. इथे तुम्ही उपकार मागत नाही आहात, हे आधी मनात पक्कं करा.

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ पासून ही योजना लागू आहे. प्रवेशद्वारावर "धर्मादाय" असं लिहिलंय का ते बघा. आत वैद्यकीय समाजसेवक कोण आहेत ते विचारा आणि एवढंच म्हणा: "आम्हाला धर्मादाय योजनेतून उपचार हवेत, अर्ज कुठे मिळेल?" "काही कमी होईल का हो?" असं म्हणू नका. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. काउंटरवर नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. नाशिकमध्ये धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार देता येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमचा आजार बसतो का, हेही रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा.

असंच कायदेशीर मदतीचं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा. हक्काच्या ठिकाणी मान खाली घालून गेलेली माणसं नको म्हटल्याबरोबर परत येतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

नवा धंदा सुरू करायचाय. पाठबळ मागायला गेलो की लोक हसतील असं वाटतं.

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण नाशिककरांच्या घरातलंच आहे. जन्म त्र्यंबकेश्वरचा, शेवट १९४४ मध्ये नाशिकलाच. भारतात चित्रपट करायचा म्हणणारा माणूस तेव्हा वेडाच वाटला असणार. त्यांनी लोकांना नुसती कल्पना सांगितली नाही. कुंडीत वाटाणा लावला, रोप कसं वाढतं ते दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रित केलं आणि डोळ्यांदेखत वाढणारं ते रोप ओळखीच्या लोकांना पडद्यावर दाखवलं. ते पाहून पैसे लावणारा मिळाला. सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. १९१३ मध्ये चित्रपट पडद्यावर आला.

तुमच्याकडेही काहीतरी दाखवण्यासारखं हवं. मसाल्याची पाकिटं विकायची असतील तर आधी वीस घरांना वापरायला द्या, त्यांचं म्हणणं लिहून घ्या आणि मग मामांकडे भांडवलाला जा. नोकरीसाठी कुणाला शब्द टाकायला सांगणार असाल तर बायोडेटा आणि नेमक्या जागेचं नाव सोबत न्या, म्हणजे त्यांना शब्द टाकणं सोपं जातं.

"बघू", "सांगतो" म्हणाले. हे हो समजायचं की नाही?

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणाचं मानतात, त्यामुळे पुष्कळदा "बघू" म्हणजे नाहीच असतं. पण नेहमी नाही. घरी विचारून सांगायचं असतं, पगाराची वाट बघायची असते. दोन दिवसांनी एकदा सहज विचारा: "परवा म्हटलं होतं त्याचं काही जमेल का? नसेल तर मी दुसरीकडे विचारते." पुन्हा "बघू" आलं तर विषय सोडा, दुसरीकडे जा, आणि त्या माणसाशी आधीसारखंच बोलत राहा. तिसऱ्यांदा गळ घालू नका.

सरळ तोंडावर नाही म्हणाले. आता?

आधी "बरं, हरकत नाही, सांगितलंत ते बरं केलंत" एवढं म्हणा. घरी या. वाईट वाटू द्या. रडू आलं तर रडा. त्या रात्री कुठलाही निर्णय घेऊ नका, विशेषतः "यापुढे कुणाकडे काही मागायचं नाही" हा तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी तपासा. मागणं फार मोठं होतं का? वेळ चुकली का? माणूस चुकला का? बहुतेक वेळा यातलं एक असतं. मागणं मोठं असेल तर त्याच माणसाला लहान मागणं करता येतं. "रात्रभर थांबणं जमणार नाही, समजलं. शनिवारी दुपारी तासभर याल का?" एकदा मोठ्या गोष्टीला नाही म्हटलेला माणूस पुढच्या लहान गोष्टीला अधिक सहज हो म्हणतो, असं १९७५ मधल्या रॉबर्ट सियाल्डिनी यांच्या प्रयोगात दिसलं होतं. पण मुद्दाम आधी मोठं मागून डाव टाकू नका. आजारपणात माणसं वर्षानुवर्षं लागतात, आणि डाव एकदाच चालतो.

आणि त्या माणसाचीही काही बाजू असू शकते. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या घरात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. एका घरात रागाने बोलणं बंद झालं होतं. पुढे कळलं, त्या काकांची स्वतःचीच बायोप्सी होऊन रिपोर्टची वाट बघणं चालू होतं.

भीती कमी करायला सराव करता येतो का?

येतो. टाळत राहिलं की भीती वाढते, लहान लहान पावलांनी सामोरं गेलं की ती ओसरते. समुपदेशनात हाच मार्ग वापरतात.

जिथे नकार आला तरी काही बिघडत नाही तिथून सुरुवात करा. रामकुंडावर एखाद्याला फोटो काढून द्यायला सांगा. सिटीलिंकच्या बसमध्ये शेजारच्याला "मेरीचा थांबा आला की सांगाल का" म्हणा. मेनरोडवर कापड दुकानात चार थान उघडून बघा आणि न घेता "धन्यवाद" म्हणून बाहेर या. हे शेवटचं पुष्कळांना सगळ्यात जड जातं. मग शेजाऱ्याकडे शिडी मागा. मग सहकाऱ्याला एक तास तुमचं काम बघायला सांगा. प्रत्येक वेळी जायच्या आधी वहीत लिहा, काय होईल असं वाटतंय. आल्यावर लिहा, काय झालं. महिन्याभराने ती वही वाचा. "नाही म्हणतील, हसतील" आणि "हो म्हणाले, चहा पाजला" यांतली तफावत स्वतःच्या अक्षरात दिसली की ती कुणी सांगण्यापेक्षा जास्त पटते.

वडील कुणाचीच मदत घेत नाहीत. काय करावं?

त्यांनाच आधी काहीतरी मागा. फॉर्म भरायला, नातवाला सोडायला, बाजारातून चांगली मेथी निवडून आणायला. देणारा हात कायम आपलाच असावा असं वाटणाऱ्या माणसाला घेणं अपमानाचं वाटतं. देणं चालू राहिलं की घेणं थोडं सोपं जातं. घाई करू नका.

माझी भीती यापलीकडची आहे. फोन उचलवत नाही, कुणाच्या घरी जाववत नाही.

मग ही नुसती भीड नाही. महिनोन्‌महिने असं चालू असेल आणि नोकरी, शिक्षण, घर यांवर परिणाम होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्याशी बोला. सोशल अँग्झायटीवर, म्हणजे लोकांमध्ये वावरण्याच्या अशा तीव्र भीतीवर उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही उपलब्ध आहे. नाव सांगितलं नाही तरी चालतं. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच फोन करा, आणि घरातल्या एकाला सांगा.

माझ्याकडे कुणी मदत मागितली आणि मला खरंच जमत नसेल तर?

त्याच दिवशी, स्पष्ट आणि मायेने नाही म्हणा. "बघू"वर ठेवू नका, कारण तुमच्या भरवशावर तो दुसरीकडे विचारायचं थांबतो. लांब कारणं देत बसू नका. "मला रात्री थांबणं जमणार नाही, घरी लहान मूल आहे" एवढं पुरे. त्यापुढे जमेल ते एक सांगा, असेल तरच: "पण सकाळचा डबा मी देते. सोमवार आणि बुधवार. चपात्या किती लागतील?"